एक नंबर, एक ठिपका

कुकरची शिट्टी झाली आणि मांडीवर पेंगणारी चिमणी दचकून जागी झाली. आईने एका हाताने तिला थोपटलं, दुसऱ्या हाताने लॅपटॉपवरच्या नकाशात लाल ठिपका लावला. पुरात अडकलेल्यांचे नंबर आणि पत्ते मदत केंद्रातून तिच्याकडे यायचे. तिचा ठिपका बघून होडी निघायची.

“आई, हे ठिपके का पुसलेस?”

“एकाच नंबरवरून आलेत गं, शेजारशेजारचे. घाबरलं की माणूस पुन्हा पुन्हा फोन करतो, पत्ताही धड सांगत नाही. एकाच घरी चार होड्या गेल्या तर बाकीच्यांनी काय करायचं?”

“हुश्शार गं माझी बाय!” चिमणी थेट आजीच्या सुरात म्हणाली.

तेवढ्यात होडीवाल्याचा फोन आला. “ताई, गल्लीतले ते आजी-आजोबा सुखरूप.”

आईने त्या नंबरचा उरलेला एकच ठिपका हिरवा केला. चिमणीने टाळ्या पिटल्या. होडीवाला पुढे सांगत होता,

“अख्ख्या गल्लीत म्हणे आजोबांचाच फोन चालू होता. शेजारपाजारचे गच्च्या ओलांडून आले, यांच्याच फोनवरून आपापले पत्ते सांगून परत गेले. आम्ही निघताना सगळे हात करत होते. मी ओरडून सांगितलं, घाबरू नका, तुमचीही होडी येतेय. आता गल्लीच्या तोंडाशी अशी धार लागलीय, की आत शिरता येईना. त्यांची होडी आधीच निघाली असेल ना, ताई?... ताई?”



चिमणीने नकाशावर बोट ठेवलं. “आई, तू पुसलेले ठिपके कुठे गेले?”