एकशे सतरावं कार्ड

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत कार्डं, एक ते चारशे बारा.

मुलाचं घर: बाविसावा मजला, वुहान. लिफ्ट आहे.

जेवणाचं टेबल. एक पाय आखूड, तरी अठरा वर्षांत डगमगलं नाही.

उजवा हात मेलेला. डावा टेबलावर थापा मारतोय.

सहा शब्द.

टेंग सर सकाळपासून तेच सहा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. इंग्रजीत. समोर बसलेल्या त्यांच्या बायकोला, चिनलानला, त्यांचा अर्थ लागत नव्हता. आणि खाली गाडी येऊन उभी होती.

वसंतात झटका आला आणि सरांची चिनी भाषा पाटीवरून पुसावी तशी पुसली गेली. उरली ती आयुष्यभर तालुक्याच्या शाळेत शिकवलेली इंग्रजी, आणि तीही म्हणींपुरती. शाळेतला नवा इंग्रजीचा मास्तर एकदा येऊन ऐकून गेला. म्हणाला, "काकू, सरांची इंग्रजी मुळात आपल्या गावची. त्यात आता जीभ वाकडी. मला काही उमगत नाही."

चिनलानला उमगायचं. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण तीस वर्षं रोज याच टेबलाशी ती कार्डं धरून बसली होती. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी म्हण, दुसऱ्या बाजूला तिची चिनी जोडीदारीण. ती चिनी वाचायची, सर इंग्रजी म्हणायचे. अडले तर ती गप्प बसायची. एक शब्दही पुरवायची नाही. सरांनीच तसं बजावलं होतं.

त्यामुळे आता उलटं जमत होतं. सर तापल्या विटांवरच्या मांजराचं काही बोलले की तिला तापल्या कढईतल्या मुंग्या ऐकू यायच्या, आणि ती भांडं घेऊन धावायची. सांडलेल्या दुधाचं बोलले की तिला 'सांडलं पाणी भरून येत नाही' ऐकू यायचं. मग चादर बदलायची. शेजारची पेइबाई म्हणायची, "म्हातारपणी फॉरेनचा संसार थाटलाय दोघांनी!"

गेल्या महिन्यात सरांना न्हाणीतून उठवताना चिनलान घसरली. तासभर दोघं ओल्या फरशीवर पडून होती. ते ऐकून मुलगा आज त्यांना न्यायला आला.

"बाबा, येणार ना माझ्याकडे?" युएचिननं विचारलं. सरांनी मान हलवली, हो.

"की इथंच राहायचं?" हो.

"सर, तुम्ही चिमणी आहात का हो?" पेइबाईनं विचारलं. त्यालाही हो.

युएचिन हसला नाही. "आई, मी जबरदस्ती करणार नाही. नाही म्हणाले तर गाडी परत पाठवतो, इथं बाई ठेवतो. पण त्यांनी म्हणायला हवं."

म्हणून तिनं डबा काढला. एकेक कार्ड वाचू लागली. पावसानंतरचे बांबूचे कोंब. सरांनी जोडी सांगितली. एका बाणात दोन गरुड. सांगितली. घरावर जीव तर कौलावरच्या कावळ्यावरही जीव. सांगितली. एकही चुकले नाहीत. पण ते सहा शब्द कुठल्याच कार्डाला येईनात. ते मध्येच, आपले आपण यायचे, आणि त्यांच्याबरोबर टेबलावर थाप. तिनं टेबलावरचं पाणी दिलं. चष्मा दिला. वर्तमानपत्र दिलं. सरांनी सगळं ढकललं आणि पुन्हा थाप मारली.

चारशे बारा झालं. डबा रिकामा.

एकशे सोळानंतर एकशे अठरा होतं. ते तिला ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी तिनं विचारलंही होतं, "मधलं कुठं गेलं?" सर म्हणाले होते, "ते पाठ आहे मला. त्याला कार्ड कशाला?"

"आई," युएचिन म्हणाला, "त्यांचं बोलणं कळणारी तू एकटी. तू सांगशील ते मी मानतो. काय म्हणतायत?"

पेइबाई तिच्या कानाशी लागली. "नको म्हणतायत, असं सांग की! कोण तपासायला येतंय?"

चिनलाननं सरांकडे पाहिलं. सर तिच्याचकडे पाहत होते. अडले की पाहायचे तसे. तिच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं तो गिळला.

"जे कार्ड माझ्या हातात नाही," ती म्हणाली, "त्याचा अर्थ मी नाही सांगायची."

युएचिननं खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली.

सरांना खुर्चीसकट उतरवलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते सहा शब्द वर ऐकू येत होते. मग गाडीचं दार लागलं.

टेबल पेइबाईला दिलं. दोघांनी उचलून नेलं. परक्या हाती घर द्यायचं तर झाडून द्यावं, म्हणून चिनलाननं टेबलाखालची जागा झाडली. कलिंगडाच्या बियांची फोलपटं निघाली, धूळ निघाली, तेलानं काळी पडलेली कागदाची एक घडी निघाली. तिनं सगळं सुपलीत भरलं आणि जिन्याखालच्या पिंपात टाकलं. पेइबाईनं वरून ओरडून विचारलं, "अगं, हे टेबल डगमगतंय! तुझ्याकडे तर नव्हतं ना डगमगत?"

१९९१ च्या शरदात, लिहिताना अक्षर हलतं म्हणून, टेंग सरांनी शाई वाळलेलं एकशे सतरावं कार्ड चौघडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. त्याच्या इंग्रजी बाजूवर सहा शब्द होते; चिनी बाजूवर लिहिलं होतं: सोन्याचं घरटं, चांदीचं घरटं, त्याहून आपलं गवताचं बरं.