अडेनियमचा अर्ज

"मी वाळवंटातलं झुडूप. वाळू, खडक आणि रखरखीत ऊन, एवढंच लागतं मला. ही बाई रोज पाणी पाजते. मुळं कुजायला लागलीत. सोडवा," असा अर्ज कुंडीतल्या अडेनियमनं आपल्या बोलक्या यंत्रावरून केला, म्हणून वनस्पती खात्याचे ढवळे चौकशीला आले.

इंदुताई खांबेटे फणकारल्या, "नको नको म्हणतं, पण लाजतं हो ते! तुम्ही शिरा घ्या."

"नको, जेवून आलोय."

"लाजू नका."

बघता बघता दोन बशा पोटात गेल्या. तिसऱ्या वेळी ढवळ्यांनी बशीवर हात आडवा धरला, तर गरम शिरा हातावरच पडला.

कुंडीतून बारीक आवाज आला, "साहेब, मला तर हातही नाहीत."