बजाबाने पाहिलेलं भूत

"भूत पहिल्यांदा कोणी पाहिलं?" रेवती सावळकर गावात प्रत्येकाला विचारत होती. ती स्मशानांच्या भूतकथा गोळा करायची. इथल्या गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत मडमेचं भूत फिरतं, म्हणून वीस वर्षं तिथे कोणी पाऊल टाकलं नव्हतं. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, बजाबा.

भर दुपारी बजाबा तिला तिथे घेऊन गेला. कोयत्याने झुडपं तोडत त्याने भिंतीकडचा कोपरा दाखवला.

"हितं बसती. रडती."

"अंगावर काय असतं?"

"हिरवं लुगडं."

"मडम लुगडं नेसते?" रेवतीने हसून विचारलं.

बजाबाचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने कोयता उगारला. पहिला घाव तिच्या खांद्यात रुतला. दुसरा अडवताना दोन बोटं तुटून पडली. तो छातीवर बसून गळा दाबू लागला, तेव्हा हाताला लागलेला कबरीचा फुटका दगड तिने त्याच्या कपाळावर हाणला. तो हलायचा थांबला, तरी ती हाणतच राहिली.

पोलिसांनी तो कोपरा खणला. खाली हिरव्या लुगड्याच्या चिंध्यांत बजाबाच्या बायकोची हाडं निघाली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बजाबाची मुलगी यमुना आली. रेवतीला तिच्याकडे बघवेना.

"आई कुणाबरोबर तरी पळाली, असं बाप सांगायचा," यमुना म्हणाली. "मी वीस वर्षं तिला शिव्या दिल्या."

ती पलंगाच्या कडेला बसली.

"बापाचे दिवस मी घालणार नाही, ताई. आईचे घालायचेत. तुम्ही याल का?"