नागुबाईचा चुट्टा

तंबाखूचं पान पुन्हा तडकलं. लिंबाजीच्या हातात नुसता भुगा उरला.

"वाळलेलं वळू नये, अवो," खाटेवरून नागुबाई म्हणाली. आवाज कसला, नुसती फुंकर. "आधी पाणी शिंपडा. जराशानं मऊ पडतंय, मग वळा."

पाणी! घरातला रांजण कोरडाठाक, शेजारपाजारची तीच गत. लातूरचा वेगळा जिल्हा झाला म्हणून उदगिरात पेढे वाटले म्हणे, पण गावात टँकर काही फिरकला नाही. सून सुमनबाई सकाळीच घागर घेऊन पलीकडच्या गावच्या विहिरीवर गेली होती.

नागुबाईच्या पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता. मागितला तो फक्त एक चुट्टा. माहेर तेलंगणाच्या अंगाचं. तिकडच्या बायांसारखी ती आपल्या हातानं पान वळून ओढायची. आता बोटं वळत नव्हती. आणि लिंबाजी पडला माळकरी! जन्मभर त्या वासावरून तिच्याशी भांडला, तंबाखूला कधी शिवला नाही. आज मांडीवर पानं घेऊन बसला, तर एकामागून एक फुटत होती. जीव तळमळत होता त्याचा. बाईचं एवढंसं मागणं, तेही आपल्याच्यानं पुरं होईना!

"देवळीत गडू हाय की," ती म्हणाली.

लिंबाजी चरकला. नांदेडला गोदेच्या घाटावरून तिनंच भरून आणलेली गंगा ती. तोंडाला मेण लावून ठेवलेली, शेवटच्या घोटासाठी.

"येडी का काय? मग तुझ्या तोंडात काय घालू?"

"मेल्यावर मला काय चव कळनार हाय? आता द्या."

त्यानं मेण उकरलं. गडू कलता केला, तर निम्म्याहून जास्त पाणी एकाच पानावर सांडलं. पान चिंब झालं आणि वळताना चिंधीसारखं फाटलं.

"काय करायलाव? शिंपडा म्हणलं, ओता न्हाई." ती हसली. हसता हसता तिला धाप लागली.

उरलंसुरलं त्यानं बोटांनी दुसऱ्या पानावर शिंपडलं, पान पंच्यात गुंडाळून मांडीखाली दाबलं. जरा वेळानं काढलं तर मऊसूत. वळलं, कुठं चिरलं नाही. पण ओढून पेटवायला तिच्या छातीत दम कुठला? लिंबाजीनं गळ्यातली माळ काढून देवळीत ठेवली. चुट्टा आपल्याच ओठात धरला, काडी लावली. असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. मग चुट्टा त्यानं तिच्या ओठांना लावला.

दोन झुरके घेतले तिनं. "बरा वळलाव की," म्हणाली. तिसरा घेतलाच नाही.

सुमनबाई पाणी घेऊन आली, तेव्हा म्हातारा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन लेकरासारखा रडत होता. तिनं घागर दारातच टेकवली. रिकामा गडू पाहून ती हबकली. सासूच्या ओठाला तंबाखूच्या पानाचा ओला तुकडा चिकटला होता. घागरीत पदराचं टोक बुडवून ती तो पुसायला वाकली.

लिंबाजीनं हात आडवा घातला.

"राहू दे, पोरी. गंगाच हाय ती."