मुलीचं उत्तर

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की बाबांनी मोठ्यानं वाचायचं आणि बायकांनी विणत बसायचं, हा त्या घरचा रिवाज. आज बाबांच्या हातात बर्फगाडीनं स्टॉकहोमहून आलेली नवी कादंबरी होती. तिच्यावर लेखकाचं नाव नव्हतं. थोरली मुलगी एबा मान खाली घालून विणत होती, पण टाके चुकत होते. पुस्तक तिचंच होतं. बाईनं कादंबरी लिहिल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. घरात हे फक्त धाकट्या बहिणीला, मालवीनाला ठाऊक होतं.

"लिहितो मात्र झकास हं," कॉफीचा घोट घेत बाबा म्हणाले. "यातली धर्मगुरूची बायको तर थेट आपल्या गावचीच! बेटा इथं राहून गेलाय की काय?"

"असेल कुणीतरी आगाऊ," मालवीना म्हणाली. एबानं टेबलाखालून तिला पाय मारला.

बाबांनी पान उलटलं. कादंबरीतली थोरली मुलगी जेवताना बापाला म्हणते, मला शहरात जाऊन शिकायचंय. बाबा रंगात येऊन वाचू लागले, "बाप म्हणाला, 'खिडकीतून दिसतं तेवढं जग मुलीच्या जातीला पुरे. बटाटे वाढ.'"

आईची सुई थांबली.

वाक्य बाबांचं होतं. मागल्या हिवाळ्यात, याच टेबलाशी. एबा त्यावर काही बोलू लागली, तेव्हा त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं होतं. आणि तिनं बटाटे वाढले होते.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पुस्तक मिटून वरचं पान पाहिलं. तिथं नाव नव्हतंच.

"एबा."

"हो, बाबा."

"असं म्हणालो होतो मी?"

"हो."

"अगदी असंच?"

"बटाट्यांचं तुम्ही आधी म्हणाला होतात," एबा म्हणाली. "मी ते शेवटी घेतलं."

मालवीनाला हसू आलं, ते तिनं खोकल्यात दडवलं. पेटती शेगडी बाबांच्या हाताशीच होती. पुस्तक आत जातं की काय, म्हणून एबाची नजर शेगडीच्या लोखंडी दारावर गेली.

"राहू द्या हो आज," आई हळूच म्हणाली.

"राहू द्या कसं? पोरगी काय म्हणते ते कळायला नको?"

त्यांनी पान शोधलं. पुढं मुलीचं उत्तर होतं, चांगलं लांबलचक. एका वाक्याशी ते अडखळले, थांबले, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एबानं विणकाम मांडीवर ठेवलं. आपलं म्हणणं त्या घरात ती पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत होती, बाबांच्या आवाजात.