प्रत्येक टिकला

नेत्ररोगांची वरची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट मी भिंतीवर लावलं, आणि दुसऱ्याच दिवशी डॅडी स्कूल बसच्या लायसन्सचा फॉर्म घेऊन माझ्या टल्सा शहरातल्या दवाखान्यात हजर.

"सर्टिफिकेट झकास दिसतंय गं, लोरीन! आता ठोक सही."

"आधी तपासणी. दिवा चमकला की बटण दाबायचं."

यंत्र टिकटिकत राहिलं. प्रत्येक टिकला डॅडींनी बटण दाबलं.

"बघ, एक दिवा सोडला नाही! तीनला पोरांना घरी सोडायचंय, आटप."

मी पेन खाली ठेवलं.

"डॅडी, हे यंत्र मधूनच दिवा न लावता नुसतंच टिक करतं. तुम्ही तेव्हाही दाबलंत."

 मग त्यांनी बसची किल्ली टेबलावर ठेवली.

"सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावलंयस, तेही सांग आता."