वकील गाडीत बसेनात

आमचं मतदार मंडळ कुठल्याच पक्षाचं नव्हतं. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर न्यायचं आणि घरी आणून सोडायचं, एवढंच काम. गाडी आमचे हे, शाळेतले मास्तर, चालवायचे. एका वर्षीच्या शेवटच्या फेरीत शेजारचे वकील होते, पाय प्लास्टरमध्ये. राजकारणावरून ह्यांचं नि त्यांचं रोज संध्याकाळी कडाक्याचं भांडण व्हायचं. वकील मत देऊन बाहेर आले, पण गाडीत बसेनात.

“मास्तर, तुम्ही मत दिलंत?”

दिवसभराच्या धावपळीत ह्यांचं स्वतःचं राहूनच गेलं होतं.

“जा आधी, दार बंद होईल. मी थांबतो.”

“अहो, माझं मत तुमच्या माणसाला पडणार नाही.”

“ते ठाऊक आहे हो. पण मत न देणाऱ्याशी मी भांडत नाही. मग माझ्या संध्याकाळी कशा जायच्या?”